वर्कलोड कमी पडलेल्यांचं पर्यावरण

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. प्रत्येक घरात पिशव्यांची एक पिशवी असते ना, ती कशी आपोआप फुगत जाते, तसं हे होतं. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. आमच्या पर्यावरणाच्या कोर्सचं तसंच झालंय. कुणाच्या लग्नात, कुणाच्या सेंडऑफला आम्ही जुने लोक भेटलो की कुणीतरी म्हणतं, "मॅडम, ते शेळीचं सांगा." शेळीचं सांगितलं की मागून कांद्याचं येतं, त्याच्यामागून एसीचं. जेवणं होतात, पानं उचलली जातात, आणि आम्ही आपले खुर्च्या ओढून बसलेलेच.

तर पहिल्यांदा कोर्स कसा सुरू झाला, ते.

मी संख्याशास्त्राची. आमच्या कॉलेजात संख्याशास्त्राला मुलं येईनाशी झाली होती. भूगोलाच्या जाधव सरांची तीच गत. वनस्पतिशास्त्राच्या फरजाना मॅडमकडं दोन वर्गांची मिळून एक बॅच उरली होती. अशात वरून पत्र आलं की पर्यावरणाचा पदवी कोर्स सुरू करा, आणि तो इंटरडिसिप्लिनरी पाहिजे. प्राचार्यांनी मीटिंग बोलावली. प्राचार्य कॉमर्सचे, सरळ माणूस. जाधव सरांनी विचारलं, "सर, इंटरडिसिप्लिनरी म्हणजे नेमकं कोण कोण?"

प्राचार्यांनी टाइमटेबलवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ज्यांचा वर्कलोड कमी पडतो, ते सगळे!"

असं आमचं डिपार्टमेंट जन्माला आलं. मला मातीतलं काही कळत नव्हतं. उस्मानपुऱ्यात फ्लॅटमध्ये वाढलेली मी. माझा निसर्गाशी संबंध म्हणजे गॅलरीतली तुळस, तीसुद्धा सासूबाईंची. आपण या मुलांना काय शिकवणार, या धास्तीनं मी पहिला आठवडा नीट झोपले नाही.

ती धास्ती फुकट गेली. शिकवायची वेळच फार कमी आली.

* * *

पहिल्याच वर्षी दुष्काळ. धरणात गाळ दिसायला लागलेला, शहरात नळाला पाणी कधी यायचं तर आठवड्यातून एकदा, तेही कमी दाबानं. अशा दिवसांत माझ्या वर्गाची हजेरी ढासळली. मी कडक आहे हजेरीच्या बाबतीत. लाल शाईनं गैरहजेरी मांडत गेले आणि महिन्याअखेरीस पत्रक समोर ठेवून चिडून बसले, की आता एकेकाच्या घरी पत्र पाठवते.

आणि पत्रकाकडं बघताना माझा हात थांबला.

लाल खुणा कशाही पसरलेल्या नव्हत्या. त्यांना लय होती! सिडकोकडच्या मुली एका दिवशी नाहीत. उस्मानपुऱ्याच्या मुली त्याच्या दुसऱ्या दिवशी नाहीत. जुन्या शहरातल्या आणखी दोन दिवसांनी. मग थोडं अंतर, आणि पुन्हा सिडको. कॉलेजला दांड्या मारणाऱ्या मुली इतक्या शिस्तीत दांड्या मारत नाहीत. वीस वर्षं मी आवर्तन शिकवत होते, पण माझ्या स्वतःच्या हजेरीपटात ते असं चालत आलेलं कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं. पूजा नावाची एक धीट मुलगी उठली. "मॅडम, त्या दिवशी पाणी असतं."

"मग?"

"मग भरायला कुणीतरी लागतं ना घरी."

मी पत्रक पुन्हा बघितलं. मुलग्यांच्या नावापुढं लाल खुणा जवळपास नव्हत्याच. 'कुणीतरी' म्हणजे कोण, ते तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं. माझ्याच हातानं, लाल शाईनं!

पत्रं पाठवायची राहिली. त्याऐवजी आम्ही शहराचा नकाशा फळ्यावर काढला, आणि प्रत्येकीनं आपापल्या गल्लीत कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ पाणी येतं ते भरलं. शेजारच्या गल्लीतल्या आत्याला फोन, पलीकडच्या कॉलनीतल्या मैत्रिणीला फोन. चार दिवसांत सगळं शहर रंगलं. सोमवारचं शहर निळं, मंगळवारचं हिरवं. इतकी वर्षं या शहरात राहून मला पहिल्यांदा कळलं, की आपण सगळे एकाच शहरात राहत नाही.

नकाशा पूर्ण झाला त्या दिवशी पूजा तास संपल्यावर मागं थांबली. "मॅडम, याचा फोटो काढून नेऊ का? पप्पांनी मागितलाय."

"का गं? पप्पा काय करतात?"

"लाइनमन आहेत, मॅडम. पाणी तेच सोडतात आमच्या भागात. म्हणाले, आम्हाला आमच्या टाकीचंच माहीत असतं. सगळं एका जागी कधी बघितलं नाय!"

* * *

आता ते शेळीचं.

दुसऱ्या वर्षीच्या ॲडमिशनला फुलंब्रीकडून एक गृहस्थ आले होते. डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, मागं त्यांची मुलगी वैशाली. घरची मेंढरं होती, थोडी शेती होती. सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्यांनी उभ्याउभ्याच विचारलं, "मॅडम, ह्याच्यात पोरीला काय शिकवणार तुम्ही?"

मी उत्साहानं सांगितलं. माती, पाणी, गवत, झाडं, जनावरं, हवामान.

तात्या जरा गोंधळले. "ते तर येतंय की तिला!"

फरजाना मॅडमना हसू आवरेना. तात्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पण तुमच्याकडं कागद देत्यात ना शेवटाला?"

"हो, पदवी मिळते."

"मग घ्या तिला. येतंय ते कागदावर येऊ द्या."

पुढं हिवाळ्यात आम्ही त्यांच्याच गावाजवळच्या माळावर गवतं मोजायला गेलो. दोऱ्यानं चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनात कोणती गवतं, किती, ते तक्त्यात भरायचं. फरजाना मॅडम जाडजूड पुस्तक घेऊन गुडघ्यावर बसलेल्या. दुष्काळानं सगळं इतकं वाळलेलं, की फूल नाही, तुरा नाही, आणि पुस्तकात तर सगळी ओळख फुलातुऱ्यावरच. तात्या मेंढरं सोडून बाजूला उभे. काठीवर हनुवटी टेकून बघत होते.

शेवटी मॅडमनी एक काडी वर केली. "तात्या, हे कोणतं?"

"ती पवन्या. मेंढी आवडीनं खाती."

"आणि हे?"

"कुसळी. कवळी हाय तवर खाती, मग तोंडाला टोचती. ते पलीकडलं मेंढी खाती, पण नाइलाजानं. आन ह्ये मेंढी खात नाय, शेळी खाती."

मॅडमनी विचारलं, "मग शेळी काय खात नाही?"

तात्या म्हणाले, "मॅडम, तुमचा कागद संभाळा!"

उशीर झाला होता. मॅडमनी मागं वळून बघितलं तेव्हा तात्यांच्या पांढऱ्या शेळीच्या तोंडात आमच्या तक्त्याचा शेवटचा कोपरा होता. सकाळपासूनचं सगळं काम! बारा चौकोन! मुलं मटकन खाली बसली. फरजाना मॅडमच्या डोळ्यांत पाणीच आलं. ऊन चढलं होतं, परतीची गाडी थोड्या वेळात निघणार होती, पुन्हा मोजणं शक्य नव्हतं.

तात्यांना लई वाईट वाटलं. शेळीला एक शिवी हासडून ते पुढं आले आणि वैशालीला म्हणाले, "घे गं लिहून."

आणि सांगायला लागले. पहिला चौकोन, बाभळीजवळचा. पवन्या इतकी, कुसळी इतकी, नाइलाजाची दोन. दुसरा चौकोन, वारुळापाशी. तिसरा. चौथा. एकही चौकोन गाळला नाही, कुठं अडले नाहीत. दोन तास ते नुसते उभे आहेत असं आम्हाला वाटत होतं!

मी संख्याशास्त्राची. माझा विश्वास बसेना. वैशालीला आठवलं, की पहिल्या तीन चौकोनांच्या तक्त्याचा तिनं मोबाइलवर फोटो काढला होता. आम्ही ताडून बघितलं. एका जागी फरक निघाला. चौकोन तीन, कुसळी. आमच्या तक्त्यात सात, तात्यांच्या तोंडी आठ.

आम्ही त्या चौकोनापाशी गेलो. दोरा अजून तसाच होता. फरजाना मॅडमनी एकेक काडी बोटानं वेगळी करून मोजली.

आठ होत्या.

मी तात्यांना विचारलं, "एवढं लक्षात कसं राहतं हो?"

तात्या म्हणाले, "मॅडम, माझी दोनशे मेंढरं हायेत. एक जरी कमी आलं तर ते कंचं, हे मला तोंडानं सांगाया लागतं. हे तर गवत हाय, ते जागचं हलत बी नाय!"

* * *

हा छोटा आहे, पण सांगते.

त्या उन्हाळ्यात मुलांनी कॉलेजच्या मागं रोपवाटिका केली होती. पाणी कुठून आणणार? कुणाच्या तरी लक्षात आलं, की प्राचार्यांच्या केबिनच्या एसीतून दिवसभर पाणी ठिबकतं. लावली नळी, ठेवली बादली. रोपं मजेत वाढायला लागली.

एका सकाळी प्राचार्यांच्या टेबलावर दोन अर्ज आले. पहिला रोपवाटिका गटाचा: "रोपांना पाणी कमी पडत असल्याने आपल्या केबिनमधील एसी कृपया दिवसभर चालू ठेवावा." दुसरा ऊर्जाबचत गटाचा: "महाविद्यालयात सर्वाधिक वीज आपल्या केबिनमध्ये खर्च होत असल्याने एसी कृपया बंद ठेवावा."

दोन्हींवर शिफारशीची सही माझीच!

प्राचार्यांनी मला बोलावलं. दोन्ही अर्ज शेजारीशेजारी ठेवले, घाम पुसला आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या इंटरडिसिप्लिनरीनं आधी आपसात ठरवावं. तोवर मी कुठं बसू, तेवढं सांगा!"

* * *

जाधव सर म्हणजे भूगोल अंगात मुरलेला माणूस. शहराच्या जुन्या नहरींवर त्यांचं एक लेक्चर होतं. डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून, नुसत्या उतारावर शहरात आणलेलं पाणी, कुठं यंत्र नाही, काही नाही. फार सुंदर सांगायचे. दरवर्षी सांगायचे. त्या वर्षी लेक्चर संपल्यावर मागच्या बाकावरून नदीमनं हात वर केला. नदीम जुन्या शहरातला, घरी दखनी बोलणारा.

"सर, आपण ती बघितली का?"

"कोणती?"

"नहर."

सर खरं बोलले. "नाही रे. पुस्तकातच."

"हमारे घर के पिच्छेच है ना, सर! नाना बोलते, नीचे से पानी अब भी जाता."

सर म्हणाले, "आता कुठलं पाणी? वर धरण आटलंय."

पण मनात राहिलं असणार. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग नदीमच्या गल्लीत. भरदुपार, दुकानांची अर्धी शटरं खाली. गल्लीच्या कोपऱ्यावर जमिनीत एक दगडी झाकण, मधे मुठीएवढं भोक. त्याच्यावर एका भाजीवाल्या चाचांचा गाडा. नदीमनं विनंती केली, चाचांनी कुरकुरत गाडा हातभर सरकवला. सरांनी चष्मा काढून माझ्याकडं दिला, खिशातला पेन काढला, आणि पांढऱ्या शर्टानिशी रस्त्यावर आडवे होऊन भोकाला कान लावला.

हलेचनात!

एक मिनिट झालं, दोन झाली. समोरच्या टेलरनं मशीन थांबवलं. कुणीतरी ओरडलं, "अरे, गुरुजी को चक्कर आई!" चाचांनी गाड्यावरचा कांदा उचलला, मुठीनं फोडला आणि सरांच्या नाकाला लावायला धावले. टेलर तांब्या घेऊन आला. सरांनी डोळे न उघडता हात वर केला.

"गप्प! ऐकू द्या."

"क्या सुन रे?" चाचांनी विचारलं.

"पाणी."

चाचा तसेच, हातात फोडलेला कांदा घेऊन, खाली बसले. मग आडवे झाले. सरांनी डोकं सरकवून जागा दिली. चाचांनी कान लावला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. मग टेलर झोपला. मग नदीम. मग मीसुद्धा, माझ्या इस्त्रीच्या साडीत, पदर सावरून.

खाली फार खोल, फार सावकाश, पाणी चाललं होतं. खळखळ नाही. एखादं झोपलेलं माणूस शेजारी श्वास घेतं ना, तसं. वर सगळं शहर टँकरच्या मागं धावत होतं, आणि खाली कुणाचंतरी जुनं काम कुणाला न विचारता चालू होतं.

शेवटी चाचा उठून बसले, हातातल्या कांद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तीस साल से इसके उप्परच गाडा लगाता मैं!"

* * *

शहर वाढत होतं ते आम्ही दरवर्षी मोजत होतो. रस्ते रुंद होत होते, माळावर प्लॉटिंग, शेतांच्या जागी कमानी आणि कमानींवर फुलांची नावं. अशाच एका रुंद झालेल्या रस्त्यालगतच्या वस्त्यांमध्ये आमच्या मुलांनी पाण्याचा सर्व्हे केला. फॉर्म माझ्याकडं आले. मी पत्त्याचा रकाना बघून संतापले.

'चिंचेमागे.' 'वडाजवळ तिसरे घर.' 'दोन लिंबांच्या मधात.' 'जांभळाचा बंगला.'

"हा काय पत्ता झाला? प्लॉट नंबर लिहा, लेन नंबर लिहा!"

मुलं म्हणाली, "मॅडम, लोकं असंच सांगतात."

म्हटलं चला, मीच येते. रिक्षा केली. रिक्षावाल्याला म्हटलं, चिंचेपाशी सोडा. त्यानं बरोबर आणून सोडलं. खाली उतरून बघते तर डांबर! चिंच काय, चिंचेचं पान नाही.

"अहो, चिंच कुठंय?"

"चिंच? ती कटून जमाना झाला, मॅडम. पण सीट अजून चिंचेलाच उतरतं!"

मग आम्ही फॉर्म हातात घेऊन हिंडलो. वडाजवळ वड नाही. लिंबांच्या मधात लिंब नाहीत. जांभळाच्या बंगल्याला जांभळा रंगसुद्धा नाही! एका ठिकाणी तर मी उभीच राहिले. टळटळीत ऊन, आणि त्या उन्हात दहाबारा स्कूटर अर्धगोलात ओळीनं लावलेल्या. कुठली पाटी नाही, पट्टा नाही. मुलांनी शेजारच्या दुकानदाराला विचारलं, गाड्या अशा गोल का लावता? तो म्हणाला, "पहिल्यापासून तशाच लावतात. इथं सावली असायची ना."

सावली गेली होती. तिचा आकार राहिला होता.

आम्ही पत्त्यांवरून नकाशा केला. जिथं जिथं लोकांच्या तोंडी झाड होतं, तिथं हिरवा ठिपका. रस्ता दोन्ही बाजूंनी गर्द हिरवा झाला. इतका सुंदर दिसायला लागला, की प्राचार्यांनी तो फ्रेम करून हॉलमध्ये लावला.

पुढं एका कार्यक्रमाला पाहुणे आले. नकाशासमोर थांबले, खूश झाले. "वा! वा! एवढी झाडं लावणार तुम्ही?"

प्राचार्य म्हणाले, "नाही साहेब. एवढी होती."

* * *

आणि हा सारिकाचा.

सारिका खुलताबादकडची. दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा आम्ही कॉलेजच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. काही अवघड नसतं. एक नरसाळं, खाली बाटली. रोज सकाळी साडेआठला आदल्या चोवीस तासांचा पाऊस मोजायचा आणि रजिस्टरमध्ये लिहायचा. वर्गात विचारलं, कोण करणार? सारिकानं हात वर केला. गच्चीची किल्ली तिच्याकडं गेली.

ती रोज पहाटे घाट उतरून यायची. कधी एसटी, कधी जीप. पाऊस मोजायला म्हणून, आणि पाऊसच नाही! तिनं तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला, तोही पावसाळा तसाच निघाला. जून गेला कोरडा, जुलै गेला कोरडा.

एकदा मी लवकर आले होते. बघितलं तर ही गच्चीवरून खाली येतेय, पायऱ्यांवर धाप टाकत. मला दया आली. म्हटलं, "अगं सारिका, आभाळात ढग नाही. एवढ्या लांबून कशाला येतेस? घरूनच शून्य लिहीत जा. शून्य काय पळून जातंय?"

ती म्हणाली, "मॅडम, बघून लिहिलं तर ते शून्य. न बघता लिहिलं तर ते नुसतं रिकामं ना?"

शून्य नोंद आणि नोंदच नसणं यांतला फरक! मी तो दरवर्षी शिकवते. त्यावर प्रश्न काढते, मार्क देते. त्या दिवशी पायरीवर उभ्याउभ्या मला तो पहिल्यांदा समजला.

मी तिच्या हातातलं रजिस्टर घेतलं. पानामागून पान ०.०. पण पुढं शेऱ्याचा रकाना होता, तिथं तिनं काहीतरी लिहिलेलं. '०.० – धूळ.' '०.० – पारव्याचे पीस.' '०.० – मुंग्या, काढल्या.' '०.० – आभाळ आले होते, गेले.' सगळं कोरडं वर्ष तिथं होतं, तिच्या ठसठशीत अक्षरात.

वर्षाअखेरीस प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. म्हातारे गृहस्थ, हवामानाच्या नोंदी घेण्यात सगळी नोकरी गेलेली. बोलायला कोरडे. सकाळपासून मुलांचे रंगीत तक्ते, चकचकीत फायली त्यांनी नुसत्या चाळून बाजूला ठेवल्या होत्या. मुलं घाबरली होती. सारिकाची पाळी आली. तिच्याकडं तक्ता नाही, फाइल नाही. हातात ते एकच रजिस्टर, खाकी पुठ्ठ्याचं. मला वाटलं, संपलं. हे आता विचारणार, 'यात आहे काय?'

त्यांनी रजिस्टर उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. एकेका ओळीवरून बोट फिरवत. बाकीची मुलं ताटकळली, चहा गार झाला. ते शून्यं वाचत होते! मधेच एकदा विचारलं, "हा रविवार होता?"

"व्हय सर."

"आणि इथं गणपतीची सुट्टी?"

"व्हय सर. वॉचमनकाकांनी गेट उघडलं."

पुन्हा बोट चालू. मग एका ओळीवर थांबलं. जूनमधली एक तारीख. पुढं काहीच नव्हतं. ना शून्य, ना शेरा. सगळ्या रजिस्टरमध्ये तेवढी एकच जागा मोकळी.

"हे काय?"

"त्या दिवशी आले नव्हते सर. म्हणून लिहिलं नाय."

परीक्षकांनी मान हलवली. बोट खालच्या ओळीवर गेलं. तिथं होतं: '०.० – दोन दिवसांचे मिळून.' त्यांनी वर बघितलं. हे असं लिहायचं असतं, हे मी तिला शिकवलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं. त्या ओळीशेजारी पानावर एक पिवळा डाग होता, बोटाच्या आकाराचा.

"हा डाग कसला?"

सारिका ओशाळली. "हळद हाय सर. हात धुतले होते, पण निघाली नाय."

"हळद?"

"आदल्या दिवशी लग्न होतं."

"कुणाचं?"

"माझंच."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग सावकाश विचारलं, "म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तू इथं गच्चीवर होतीस?"

"नाय सर," सारिका घाईनं म्हणाली. "साडेआठला नाय. पावणेनऊ झाले होते. लिहिलंय तिथं, खाली, बारीक अक्षरात."